वर आपला माणूस

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दूध उतू गेलं, दुसऱ्या तासाला पाचवीतली दोन पोरं एका डब्यावरून भांडली, मुख्याध्यापिकाबाईंनी वार्षिक परीक्षेचं काम हसत हसत माझ्या गळ्यात घातलं. इथवर देवासमधला नेहमीचा दिवस. दुपारी यांचा फोन आला नाही. गुजरातच्या तेलक्षेत्रात गेल्यापासून हे जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करतात. विचारायचं ठरलेलं, "जेवलीस का?" आज नाही. रेंज नसेल म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी आला. आवाज घोगरा. "साइटवर जरा झालंय. मी ठीक आहे." काय झालं? "कैलाश." मागे कुणीतरी ओरडत होतं. मग फोन कटला. परत लावला तर बंद.

कणीक भिजवून ठेवली होती, ती तशीच फ्रिजमध्ये टाकली.

१२ फेब्रु., बुधवार

तुकड्यातुकड्यांनी कळलं ते एकत्र लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात भणभणत राहील.

जमिनीखाली तेलाचे जुने पाइप आहेत. खोल खड्डा खणून ते उघडे करायचे, मग वेल्डर येऊन बदलतात. खणणारे मजूर आपल्या धार जिल्ह्यातले, बाग गावाकडचे. कैलाश त्यांचा मुकादम, मुकेश त्याचा धाकटा भाऊ. यांचं काम काठावरचं. दोरीला गॅसचं मीटर बांधून खाली सोडायचं, मीटर गप्प राहिलं तरच माणूस उतरवायचा, तोही कमरेला दोर बांधून.

काल सकाळी मीटर गप्प होतं. जेवायला सगळे वर आले, दोर सोडून बसले. जेवण आटोपलं आणि कैलाश पाण्याची कुप्पी खाली राहिली म्हणून उतरला. दोर नाही, मीटर नाही. पटकन जाऊन यायचं काम. मधल्या वेळात जुना पाइप कुठेतरी पाझरला होता. कैलाश कुप्पी घ्यायला वाकला आणि तिथेच बसला.

मुकेश धावला. हे हात धुवत होते, तसेच पळाले आणि त्याला कमरेला मिठी घालून धरलं. मुकेश यांच्या हाताला कडकडून चावला. तरी सोडलं नाही. हवेच्या टाकीचे मास्क जीपमध्ये आणि जीप गेलेली इंजिनिअरसाहेबांचं जेवण आणायला. जीप येईपर्यंत दोघं काठावर तसेच. खाली कैलाश दिसत होता.

जिवंत आहे. इस्पितळात आहे, शुद्ध नाही.

साहेबांना काय खायचं होतं एवढं, ते मला विचारायचंय कुणालातरी.

१४ फेब्रु., शुक्रवार

या गॅसबद्दल यांनीच दिवाळीत सांगितलं होतं. मजूर त्याला अंडा गैस म्हणतात. थोडा असला की सडक्या अंड्यासारखी घाण येते. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला गॅस. मग दोन-चार श्वास. हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात साचून बसतो.

तेव्हाच हे कैलाशबरोबरचं भांडण हसत हसत सांगत होते. यांचा नियम असा, की एका घरची दोन माणसं एका खड्ड्यावर ठेवायची नाहीत. एक पडला की दुसरा विचार न करता उडी मारतो, मग तिसरा. एकामागोमाग एक जातात. कैलाशचं बरोबर उलटं. "साब, मैं नीचे जाऊँ तो ऊपर अपना आदमी चाहिए। दूसरे का क्या भरोसा, रस्सी छोड़ के छाया में जा बैठा तो?" घरातल्या माणसाच्या हातात दोर असल्याशिवाय त्यांच्यातला कुणी खाली उतरतच नाही. टोळी कैलाशची, म्हणून कैलाशचं चाललं.

मला तेव्हा कैलाशचं पटलं होतं. अजूनही पटतं. यांना सांगायची सोय नाही.

१८ फेब्रु., मंगळवार

हे आले. ठेकेदाराने "कुछ दिन आराम कर लो" म्हणून पाठवलं. चौकशी चालू आहे म्हणे. मजूर परवानगीशिवाय उतरला, असं सगळे आतापासूनच बोलतायत. खरंच आहे ते. जीपचं कुणी बोलत नाही.

उजव्या हाताला पट्टी. मी सोडून बघितली. दातांची पूर्ण रांग उमटली आहे, वरची नि खालची. हळद लावू का विचारलं तर म्हणाले, राहू दे.

ऋचा इंदूरहून येऊन गेली. बापाला बघून बाथरूममध्ये जाऊन रडली आणि बाहेर येऊन माझ्यावर चिडली. "आई, तू बाबांना रोकती क्यों नहीं? ठाम बोल ना एकदा." ठाम बोलायला काय जातं. कंपनीने इथला विभाग बंद केला तेव्हा पन्नाशी उलटलेल्या माणसाला देवासात कुणी दारात उभं केलं नाही. तेव्हाही मी ठामच होते.

२३ फेब्रु., रविवार

आज भाजी करपली आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. धूर दिसल्यावर उठले. संशय आला. हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरली, डोळे मिटायला लावले. "काय आहे?"

"वेलदोडा?"

मी हसले. आधी खरंच हसूच आलं. मग यांचा चेहरा बघितला. मुकेशला धरून काठावर होते तेव्हा यांच्याही छातीत थोडा गॅस गेलाय. डोकं दुखतं हे सांगितलं होतं, नाकाचं लपवलं होतं. डॉक्टर म्हणाले, परत येईल, वेळ लागेल, नाहीही येणार. असं बोलायला डॉक्टर कशाला हवा.

हे म्हणतात, "तिथे नाकावर काम चालतच नाही, मीटरवर चालतं." म्हणजे परत जायचं मनात आहे.

२६ फेब्रु.

महाशिवरात्र. साबुदाणा चिकट झाला. हे दिवसभर मुकेशला फोन लावत होते. उचलत नाही.

२ मार्च, रविवार

कैलाशला घरी आणलं. टोळीतल्या दुसऱ्या एकाने कळवलं. डोळे उघडे आहेत, खातो, चालतो, पण "पहले जैसा नहीं है साब". हवा न मिळाल्याने मेंदूला लागलंय. हे फोन ठेवून बाल्कनीत गेले आणि वाळलेले कपडे काढून घड्या घालू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना रुमालाची घडी घालताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, तुम्ही धरलं नसतं तर दोन गेले असते. म्हणाले, "माहीत आहे." मग म्हणाले, "मी हात धुवत होतो गं."

माणसाने जेवून हात धुवायचे नाहीत का?

१० मार्च, सोमवार, धार

बागला जाऊन आलो. शाळेत खोटं सांगून रजा घेतली. कालच धारला माहेरी दादाकडे मुक्कामाला आलो होतो, पहाटेची बस धरली. दादा म्हणाला, कशाला जाता, भगोरिया चालू आहे, लोक प्यालेले असतात, कुणाचं डोकं फिरलं तर? यांनी ऐकलं नाही. होळीआधीचे हे बाजाराचे दिवस, म्हणून गुजरातला गेलेली सगळी माणसं घरी परतलेली. रस्त्यात ढोल, एकसारख्या साड्यांतल्या पोरी, जीपच्या टपावर माणसं. इतक्या रंगांमधून आम्ही दोघं सुतकी तोंडं घेऊन चाललो होतो.

कैलाश अंगणात खाटेवर होता. आम्हाला बघून हसला. छान हसला. मग एक कोंबडी गेली, तिच्याकडे बघूनही तसाच हसला. यांनी त्याचा हात धरला. "कैलाश भिया, पहचाना?" त्याने मान हलवली. त्याची बायको रेमा म्हणाली, सगळ्यांनाच हो म्हणतो.

रेमाने चहा केला, मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हातारी आई यांच्यासमोर येऊन बसली आणि त्यांच्या बोलीत खूप वेळ बोलत राहिली, आवाज न चढवता. मला चार शब्दही कळले नाहीत. रेमाने सांगितले नाहीत. मी विचारले नाहीत.

मुकेश घरी होता. आम्ही आलो तेव्हा उठून मागच्या बाजूला गेला तो आम्ही निघेपर्यंत आला नाही. हे निघताना मागे गेले. मी बघत होते. हे बोलत होते, तो कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. वर बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये हे म्हणाले, "गावात सगळे म्हणतात, साबने पकड़ रखा, नहीं तो मुकेश निकाल लाता." मी म्हटलं, मुकेशही बसला असता कैलाशशेजारी. "ते तुला कळतं, मला कळतं," म्हणाले.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कुणी रंग लावायला आलं की मीच दारातून परतवते.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. शाळेला सुट्टी. गल्लीतून गेरची मिरवणूक गेली, पाण्याचे टँकर, गुलाल, डीजे. हे खिडकीशी उभे होते. खालून शेजारच्या पोरांनी "काका, आओ ना" म्हणून ओढलं आणि हे चक्क गेले. हिरवे-जांभळे होऊन परत आले. अंघोळीचं पाणी काढताना मी गुणगुणत होते, असं हेच म्हणाले.

संध्याकाळी दादाचा फोन. पीथमपूरला एका गोदामात सेफ्टीचा माणूस हवाय. आगीचे सिलेंडर, दरवाजे, ट्रक कुठे लागतात ते बघायचं. गॅस नाही, खड्डा नाही. दादाच्या ओळखीचे आहेत. धारहून रोज जाता येईल, दादाकडेच राहायचं, रविवारी देवास.

यांनी "बघू" म्हटलं. यांचं बघू म्हणजे बहुधा नाही असतं, पण आजचं तसं वाटलं नाही.

२२ मार्च, शनिवार

झालं! पीथमपूरला जाऊन आले. एक एप्रिलपासून या म्हणाले. वहिनीने धारहून फोन करून मला आधी सांगितलं, यांनी नंतर. मी काही कळलं नसल्यासारखं केलं. तिथला साहेब चांगला आहे, खुर्ची दिली, पाणी विचारलं, म्हणाले. तेलक्षेत्रात कधी कुणी खुर्ची दिली नव्हती वाटतं.

ऋचाला कळवलं. तिने नाचणाऱ्या बाईचं चित्र पाठवलं.

चक्का टांगलाय. पाडव्यापर्यंत कशाला थांबायचं, उद्याच श्रीखंड.

२४ मार्च, सोमवार

मुकेश आला.

शाळेतून आले तर दारात चपला. आत हा भिंतीला टेकून उकिडवा बसलेला, खुर्ची नको म्हणाला. बागहून देवासपर्यंत, पत्ता विचारत विचारत. हे समोर. मी चहा ठेवला. मला वाटलं, भांडायला आलाय. खरं सांगायचं तर तसं असतं तर मी निभावून नेलं असतं.

चहा पिऊन झाल्यावर बोलला. होळी झाली, सगळे परत निघालेत. तोही. कैलाशचं घर, त्याचं घर, सगळं आता त्याच्यावर. काकाची दोन मुलं बरोबर आहेत. यांच्या जागी नवा साहेब आलाय, पोरगेला आहे, चांगलं बोलतो.

"पर पकड़ेगा नहीं, साब। मेरे काका के छोरों में से कोई गिरा तो मैं रुकने वाला नहीं हूँ। मेरे को मालूम है। उस दिन भी नहीं रुकता। ऊपर पकड़ने वाला चाहिए।"

यांच्या हाताकडे बघत बोलत होता. पट्टी कधीच निघाली आहे, पण खूण आहे.

"आप चलो," म्हणाला.

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मला कळलं.

२५ मार्च, मंगळवार

भांडले. पोटभर भांडले. पीथमपूरची खुर्ची काढली, नाक काढलं, ऋचाचं लग्न व्हायचंय ते काढलं, शेवटी माझं ब्लडप्रेशरही काढलं. तिथे दुसरा कुणीच माणूस नाही का, जगातले सगळे खड्डे तुमच्याच नावावर आहेत का?

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तो मागायला आला. मी ज्याला धरून ठेवलं तो."

मी म्हटलं, मग मला कुणी धरायचं? बोलून गेले आणि स्वतःचाच राग आला, सिनेमातल्या बाईसारखं बोलले म्हणून. हे हसले नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

ठेकेदाराने यांना एक तारखेपासून परत यायला सांगितलं. त्याला आज मीच फोन केला. नंबर यांच्या फोनमधून घेतला. मास्क जीपमध्ये नकोत, खड्ड्याच्या काठावर हवेत, एवढंच मागितलं. "बिलकुल मैडम, आपकी बात सही है, हो जाएगा।" इतका गोड माणूस. कधी होईल विचारलं तर "ऊपर बोल दिया है". त्याच्यावर कोण, ते त्याने सांगितलं नाही. मला तिथे जाऊन स्वतः दोन मास्क घेऊन उभं राहता आलं असतं तर राहिले असते. परीक्षेचं काम गेलं खड्ड्यात.

यांना कळलं. चिडतील वाटलं होतं. म्हणाले, "मीपण रोज हेच सांगतो त्याला."

पीथमपूरला दादाने कळवलं. दादा माझ्याशी नीट बोलला, हेच वाईट वाटलं. वहिनी म्हणाली, पाडव्याला धारला या, गाडी तशीही इथूनच जाते.

३० मार्च, रविवार, धार

पाडवा. गुढी दादाने उभारली, यांनी हार घातला. कडुनिंबाची गोळी तोंडात टाकून हे म्हणाले, "कडू कळतंय पण वास नाही." वहिनीला माहीत नव्हतं, ती बघतच राहिली. मग मला सगळं तिला सांगावं लागलं, ओट्याशी, कुजबुजत. ती म्हणाली, देवाला साकडं घाल. घातलंय, कधीपासून. देवाकडेही "ऊपर बोल दिया है" असंच चाललंय बहुधा.

जेवताना सगळे फार छान वागत होते. पुरणपोळी वाढताना यांना "आणखी एक, आणखी एक" असं झालं सगळ्यांचं. मला ते बघवेना. आत जाऊन यांची बॅग पुन्हा भरली. तीन शर्ट काढून तेच तीन शर्ट परत घातले.

ऋचाने फोनवर बापाशी बोलायचं नाकारलं. मग अर्ध्या तासाने स्वतःच केला. काय बोलले दोघं, माहीत नाही. हे नुसतं "हो बेटा, हो बेटा" करत होते.

३१ मार्च, सोमवार, धार

गाडी संध्याकाळची. मुकेश आणि त्याचे दोघे चुलतभाऊ बागहून येऊन आधीच थांबले होते, गोधड्यांची गाठोडी घेऊन. मुकेशने यांची बॅग घेतली. दोघा भावांना म्हणाला, ये साब हैं, अपने आदमी हैं. ते दोघं यांच्या पाया पडले. मला आनंद व्हायला हवा होता.

हे तिकिटाचं बघायला कंडक्टरकडे गेले. दिवसभर जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते मी मुकेशला विचारलं. "तुम गिरे तो ये पकड़ेंगे। और ये गिरे तो?"

त्याला लगेच कळलं. चटकन काहीतरी बोलून मला बरं वाटेल असं करता आलं असतं, इतरांनी केलं असतं. त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"नहीं उतरूँगा, बाई। मास्क आने तक ऊपर खड़ा रहूँगा। साब ने यही सिखाया है।"

मी म्हटलं, हाँ, सही है. शाळेत पोराने बरोबर उत्तर दिल्यावर म्हणते तसं.

बरोबरच आहे. दुसरं काही तो बोलला असता तर मीच त्याला रागावले असते, कारण त्याचीही आई आहे, रेमा आहे. सगळं कळतं मला. पण मला ते उत्तर नको होतं. मला त्याने खोटं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, कूद जाऊँगा बाई, आपके आदमी के लिए कूद जाऊँगा. तिथे बसस्टँडवर, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी, मला एवढंच हवं होतं आणि हे मी कुणाला सांगू?

हे परत आले. "काय बोलत होतात?" मी म्हटलं, काही नाही, डबा कुठल्या पिशवीत आहे ते सांगत होते. खिडकी मिळाली यांना. गाडी सुटताना मुकेश यांच्या पलीकडे बसला होता आणि काचेतून मला एकदाच दिसला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

दादाने स्कूटरवर घरी आणलं. वहिनी जेवायला थांबली होती. भूक होती, जेवले.

उद्यापासून यांचं काम सुरू. दुपारचा फोन यायचा तेव्हा आता माझा सहावीचा तास असतो. मुख्याध्यापिकाबाईंना सांगून फोन वर्गात ठेवायची परवानगी मागते, त्या नाही म्हणाल्या तरी ठेवीन.